जिव्हाळ्याचा रकाना

कोण आलं, कोण गेलं,
दिवा कोणी मालवला?
दारामागं कोण राहिलं,
श्वास कोणी चोरला?

ताईचा हा आवाज जिन्यातून वर यायचा तो चाचपडत यायचा. आधी पायऱ्यांना हात लावायचा, मग कठड्याला, आणि मग दाराच्या फटीतून आत शिरून थेट माझ्या मानेला. मी दारामागं उभा असायचो. खेळाचा नियम एकच होता: जो बोलला तो बाद. ताई गात गात एकेक पायरी चढायची आणि मी श्वास रोखून धरायचो. शेवटच्या ओळीला तिचा आवाज कापायला लागायचा. मग ती गाणं सोडून नुसतंच म्हणायची, "अरे, आहेस ना रे?" मी तरीही बोलायचो नाही. मला तो माझा पराक्रम वाटायचा. आई नसलेल्या घरात मला न्हाऊ घालणारी, माझ्या शर्टाची बटणं लावणारी ती एवढीशी मुलगी काळोख्या जिन्यात रडकुंडीला यायची, आणि मी जिंकायचो.

हे सगळं मी सरकारला कळवायला हवं होतं, हे मला फार उशिरा समजलं.

मी वजनांचं वजन करतो. हे ऐकून लोक हसतात, म्हणून नीट सांगतो. दुकानातलं वजन खरं की खोटं, हे ज्या वजनावरून ठरतं ते वजन ज्या वजनावरून ठरतं, ते सरकारच्या ताब्यात असतं आणि सरकारच्या वतीनं माझ्या ताब्यात असतं. काचेच्या घुमटाखाली ते बसलेलं असतं, एखाद्या छोट्या राजासारखं. त्याला बोट लावायचं नाही. हातमोजे घालायचे, चिमट्यानं उचलायचं, श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडायचा. बोटाचा ओशटपणा लागला की वजन वाढतं आणि खोटं होतं. स्पर्शालाही वजन असतं हे इतरांना प्रेमात पडल्यावर कळतं, मला खात्यानं शिकवलं.

आमच्या कचेरीत लांबलचक बोळाच्या टोकाला एक दार आहे, त्याला बाहेरून कडी नाही. त्याला आम्ही 'आतला विभाग' म्हणतो. तिथे काय मोजतात ते कोणी सांगत नाही. तिथली माणसं जेवणाच्या सुट्टीत बाहेर येतात तेव्हा मीठ मागतानाही आवाज खाली करतात. ऐकीव माहिती अशी की तिथल्या तराजूला पापणीचा केस जड होतो. त्या तराजूसमोर एकदा बसायचं, एवढीच माझी आयुष्यातली हाव. माझ्याकडे चिमटा धरायला शिकलेला माणूस माझ्याआधी आत गेला आणि त्यानंतर बोळात भेटला की मला ओळख देताना इकडेतिकडे बघायला लागला, तेव्हा ती हाव जखमेसारखी ठसठसू लागली. म्हणून माझं नाव निघालं, तेव्हा मी बायकोला बातमी सांगितली तीसुद्धा कुजबुजत.

"घसा बसलाय का?" तिनं विचारलं.

आत जायचं तर सुरक्षा-मंजुरी लागते. मंजुरीला अर्ज लागतो. अर्जात एक प्रश्न होता: परदेशी राहणारे नातेवाईक. ताई परदेशी राहते. लग्न होऊन गेली, तिथेच नोकरीला लागली, तिथलीच नागरिक झाली. आता ती मला दर रविवारी सकाळी फोन करते आणि मी जेवलो का ते विचारते. इथवर ठीक होतं. पण त्यापुढे रकाना होता: 'जिव्हाळा'. आणि त्याखाली तीन पर्याय, पैकी एकावर खूण करा: नाही, बेताचा, दाट.

सगळी हयात मोजमापात गेलेला माणूस मी, पण त्या रकान्यासमोर माझा चिमटा गळून पडला.

सल्ला मागायला समोरच्या दाराशी गेलो. तिथे नियमकाका राहतात. ते निवृत्त कारकून. इमारतीत कचऱ्याची बादली बाहेर ठेवण्याआधीही ते भिंतीवरची नियमावली वाचतात, आणि ती त्यांनीच लिहिलेली आहे.

"'दाट' लिहिलंत तर संपलात," काका म्हणाले. "उद्या परक्यांनी तुमच्या बहिणीला धरलं आणि सांगितलं, भावाकडून आतलं गुपित काढून आण, नाहीतर बघ! काय कराल?"

"माझ्याकडे वजनांशिवाय आहे काय?"

"तेच तर गुपित! आणि 'बेताचा' तर मुळीच लिहू नका. बेताचा म्हणजे दाट, पण लपवलेला. वरचे लोक बेताच्या माणसाला जास्त घाबरतात. सरळ 'नाही' लिहा. वाटलं तर आम्ही साक्ष देतो. शेजारी कशासाठी असतात?"

मी 'नाही'वर खूण केली. पेन जरा अडखळलं, पण ते सरकारी पेन होतं, नेहमीच अडखळतं.

"ताईंनी तुम्हाला लहानाचं मोठं केलं," ही म्हणाली, "आणि तुम्ही 'नाही' लिहिता?"

"कागदावर गं. काम होईपर्यंत."

"मग काम होईपर्यंत कागदावरच जेवा."

पण घरच्यांची सहीसुद्धा हवी होती. तिनं सही केली आणि पेन टेबलावर असं आपटलं की त्याची टोपी आजतागायत सापडलेली नाही. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं की या चौकशीबद्दल कुणाशी बोलू नये. त्यामुळे ताईला काही सांगायची सोय उरली नाही. रविवारी फोन आला, मी उचलला नाही. तो जमिनीवर ठेवलेला होता. वाजता वाजता तो थरथरत फरशीवरून माझ्याच दिशेनं सरकत आला आणि माझ्या अंगठ्याला टेकून थांबला.

जमिनीवर का, तर टेबल घरात नव्हतं. तेही सांगतो.

जिव्हाळा नाही म्हटल्यावर घरात त्याचा पुरावा राहून चालणार नव्हता. पहिल्यांदा भिंतीवरचा फोटो काढला, ताईचा हात माझ्या डोक्यावर असलेला. खाली फिकट चौकोन निघाला. त्यावर कॅलेंडर लावलं, ते चौकोनाहून लहान. चौकोन कॅलेंडरच्या चारी बाजूंनी डोकावून बघायला लागला. मग रंगाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, एक भिंत रंगवली की उरलेल्या तीन चुगली करतात." म्हणून चारही रंगवल्या. रंगासाठी सामान हलवलं, आणि हलवताना लक्षात आलं की यातलं अर्धं सामान ताईनंच पाठवलंय: गालिचा, उभा दिवा, आरामखुर्चीची गादी, टेबल, माझा गरम कोट, दारातलं पायपुसणंसुद्धा. सगळं शेजाऱ्यांकडे ठेवायला दिलं. दिवा आणि गादी काकांकडे गेली, बाकीचं तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे.

घर एवढं रिकामं झालं की खोकलं तर कुणीतरी उलट खोकायचं. संध्याकाळी आमचा दिवा समोरच्या घरात लागायचा, आणि आमच्या गादीवर, आमच्या दिव्याखाली कुणीतरी वाचत बसलेलं दिसायचं. बघावं तर तो मी नसायचो. आणि रंग वाळला तसा भिंतीवर तो चौकोन पुन्हा उमटला, ओलसर, गडद. रंगारी म्हणाला, "तिथली भिंत इतकी वर्षं झाकलेली होती. जास्त रंग पिते." हिनं त्या चौकोनाकडे पाहिलं आणि म्हणाली, "चहा घ्या ताई." मला हसू आलं नाही.

काकांचा पुढचा सल्ला भांडणाचा होता. "साक्षीत खोटं बोलणं माझ्या तत्त्वात बसत नाही," ते म्हणाले. "तुम्ही बहिणीशी मोठ्यानं भांडा, म्हणजे आम्हाला खरंखुरं ऐकू येईल."

एका दुपारी मी बंद केलेला मोबाइल कानाला लावून दारं-खिडक्या उघड्या टाकून ओरडलो, "पुन्हा फोन करू नकोस! मला बहीण नाही!" रिकाम्या खोलीनं ते वाक्य माझ्या हातून काढून घेतलं आणि चारी भिंतींना वाटून टाकलं. नाही, नाही, नाही. मग सगळं गप्प झालं. बंद फोन कानाला गार लागत होता. आणि तेवढ्यात जिन्यातून आवाज आला:

"कोण आलं, कोण गेलं,
दिवा कोणी मालवला?"

ताईचा आवाज नव्हता. जाडाभरडा, गंजलेला, कुणाच्या तरी गळ्यातून उसना आणल्यासारखा. पण चाल तीच. त्या चालीतला तो एक हेलकावा, 'मालवला'च्या आधी जरासं थांबणं, ते जगात दोघांनाच ठाऊक होतं. मी दारापर्यंत गेलो आणि, मला स्वतःचीच लाज वाटते, दारामागं उभा राहिलो. श्वास रोखून. बऱ्याच वेळानं दार उघडलं. जिना मोकळा होता. वरचा दिवा वारा नसताना हलत होता. खाली शिंपीणबाईंचं मशीन थांबलं आणि लगेच नको तितक्या जोरात सुरू झालं.

त्या दिवसापासून तो आवाज येत राहिला. कधी सकाळी दाढी करताना, कधी दिवेलागणीला. कधी जाड, कधी किनरा, एकदा तर मध्येच ठसका लागलेला. आणि रविवारी ताईचा फोन येणं थांबलं. आधी मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या रविवारी मी फोन समोर ठेवून बसलो. तो हलला नाही. फरशीवर नुसता पडून होता, काळा, पालथा.

"तिला काही झालं तर नसेल?" मी म्हणालो.

"फोन करून विचारा."

"चौकशी चालू असताना?"

"म्हणजे माणूस आहे की गेलं, हेही चौकशी संपल्यावर विचारायचं?"

मी फोन उचलला आणि पुन्हा पालथा ठेवला. पण त्या दिवसापासून कचेरीत काचेचा घुमट उचलताना मला वाटायला लागलं की वजनावर कुणाचं तरी बोट उमटलंय. तपासलं तर वजन बरोबर असायचं. मी पुन्हा तपासायचो.

मग चौकशीसाहेब आले. त्यांचा चेहरा कसा होता ते मला सांगता येणार नाही. हिला मिशी आठवते, मला चष्मा आठवतो, शिंपीणबाईंना कोटाची शिवण आठवते आणि त्यापलीकडे काही नाही. पायांचा आवाज न करता ते आले. घरात उरलेल्या एकुलत्या खुर्चीवर बसले, त्यामुळे आम्ही दोघं त्यांच्यासमोर उभे राहिलो, शिक्षा झाल्यासारखे.

"घर मोकळं आहे," ते म्हणाले.

"साधी राहणी," मी म्हणालो.

ते उठले, भिंतीपाशी गेले आणि बरोबर त्या चौकोनाच्या मध्यावर बोट टेकलं. बोटाला रंग लागला. रुमालानं पुसत ते म्हणाले, "इथे कोण होतं?"

"कॅलेंडर."

"हं. बहिणीचा आवाज कसा आहे?"

"आठवत नाही."

एवढं म्हणायचा अवकाश, जिन्यातून किनऱ्या आवाजात आलं, "दारामागं कोण राहिलं..." हिनं माझा दंड धरला. चौकशीसाहेबांनी मान तिरकी केली, एखाद्या पाखरासारखी.

"ऐकू आलं?"

"काय?"

"कुणीतरी हाक मारतंय."

"मला तर काही ऐकू आलं नाही," मी म्हणालो.

"मला आलं," ते शांतपणे म्हणाले आणि त्यांनी काहीतरी लिहिलं. जाताना दारात थांबून त्यांनी पायपुसणं शोधलं, ते नव्हतं. तरीही त्यांनी नसलेल्या पायपुसण्यावर बूट पुसले आणि गेले.

पुढे त्यांनी शेजाऱ्यांची चौकशी केली. इथे माझ्या हितचिंतकांनी मला खड्ड्यात घातलं. काकांनी सांगितलं, "भाऊ-बहिणीत हाडवैर आहे, मी या कानांनी ऐकलंय." शिंपीणबाई मला वाचवण्याच्या भरात काकांच्याही पुढे गेल्या. म्हणाल्या, "बहीण? छे हो! त्यांना बहीणच नाही." हे सांगताना त्या माझ्याच गरम कोटाला अस्तर लावत होत्या.

चौकशीसाहेब पुन्हा येणार असल्याचा निरोप आला. त्या संध्याकाळी, ते यायच्या थोडं आधी, ही उठली, तिनं स्वतःचा फोन घेतला आणि माझ्या डोळ्यांदेखत ताईचा नंबर लावला.

"अगं, सही केली आहेस तू!"

"तुमच्या भीतीपोटी केली होती. माझी भीती वेगळी आहे." ती ऐकत राहिली. मग तिचा चेहरा उतरला. "ताईंची लाइन व्यस्त आहे. दुसऱ्या कुणाशी तरी बोलतायत."

"कुणाशी?"

"मला काय माहीत? पण बोलतायत. म्हणजे आहेत."

मी मटकन जमिनीवर बसलो. आणि तशातच दार वाजलं. चौकशीसाहेब आले, खुर्चीवर बसले. जिन्यातला उजेड उतरत चालला होता. आम्ही पुन्हा त्यांच्यासमोर उभे.

"एक साक्षीदार म्हणतात, बहिणीशी वैर आहे," त्यांनी सुरुवात केली. "दुसऱ्या म्हणतात, बहीणच नाही. जी नाही तिच्याशी तुम्ही वैर कसं करता?"

"शेजारी भाबडे आहेत."

"आणि तुम्ही?"

त्यांनी अर्ज मांडीवर ठेवला. "गंमत सांगू? लोकांना वाटतं, आम्हाला परदेशातल्या बहिणींची भीती वाटते. बहिणी काय, सगळ्यांनाच असतात. आम्हाला भीती वाटते ती दारामागं श्वास रोखून उभ्या राहिलेल्या माणसाची. त्याला कुणीही, कधीही, नुसतं गाणं म्हणून घाबरवू शकतं."

माझ्या मानेवर गार हात ठेवल्यासारखं झालं. दारामागं उभा राहायचो हे मी यांना कधी सांगितलं? आणि अगदी त्याच क्षणी, जणू त्यांनीच बोलावल्यासारखा, जिन्यात तो जाड, गंजलेला आवाज सुरू झाला:

"कोण आलं, कोण गेलं..."

चौकशीसाहेब जागचे हलले नाहीत. फक्त माझ्याकडे बघत राहिले. पायरी वाजली. मग दुसरी. आवाज दारापर्यंत आला. मी आयुष्यात जे केलं नव्हतं ते केलं, गाणं संपायच्या आत धाडकन दार उघडलं.

दारात नियमकाका उभे होते. एका हातात स्वतःच्या चपला, पायांचा आवाज होऊ नये म्हणून. दुसऱ्या हातात मोबाइल. त्यांच्या मागे, दोन पायऱ्या खाली, माझा गरम कोट घातलेल्या शिंपीणबाई.

"काका, तुम्ही?"

काकांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी आधी मला, मग माझ्या खांद्यावरून आत बसलेल्या चौकशीसाहेबांना पाहिलं, आणि चपला खाली ठेवल्या.

"तुम्ही फोन उचलेनात, म्हणून त्यांनी माझ्याकडे केला," ते म्हणाले. "अडीअडचणीसाठी माझा नंबर तुम्हीच दिला होता ना त्यांना. रोज करतात. रडतात हो. पण मी साक्ष देणार होतो, संपर्क नाही म्हणून. निरोप पोचवला असता तर तो संपर्क झाला असता. मग त्याच म्हणाल्या, निरोप नका देऊ, नुसतं हे गाणं जिन्यात म्हणा. तो धडधाकट असेल तर कधीतरी बोलेल. जिन्यात गाण्याविरुद्ध नियम नाही, मी बघून घेतलं."

"चाल शिकायला आम्हाला किती त्रास पडला!" शिंपीणबाई म्हणाल्या. "त्या 'मालवला'च्या आधी थांबायचं असतं, ते काकांना काही केल्या जमेना. फोनवरून रोज तालीम चालायची. काकांचा घसा बसला की मी."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुम्हीच म्हणाला होता ना, तुम्हाला बहीण नाही," काका म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. ते खरंच नियमानं वागले होते.

त्यांनी मोबाइल पुढे केला. तो चालू होता. एवढा वेळ चालू होता. मी तो घेतला नाही, नुसता त्याच्याकडे बघत राहिलो. काकांनी तो तसाच तळहातावर धरून ठेवला, घुमटाखालच्या वजनासारखा. त्यातून आधी दूरचा वाऱ्यासारखा आवाज आला. मग ताईचा. म्हातारा झालेला, पातळ, पायऱ्या चाचपडत वर येणारा.

"कोण आलं, कोण गेलं,
दिवा कोणी मालवला?
दारामागं कोण राहिलं..."

शेवटची ओळ तिला म्हणता आली नाही. ती थांबली. मग म्हणाली, "अरे, आहेस ना रे?"

माझ्या पाठीमागे खुर्ची करकरली. चौकशीसाहेबांनी पेनाची टोपी काढल्याचा बारीक टक् असा आवाज मी ऐकला. आतल्या विभागाचं ते बिनकडीचं दार, पापणीचा केस जड होणारा तो तराजू, सगळं माझ्या मागे होतं. समोर एक फोन होता. जो बोलला तो बाद, हा नियम मी कधी मोडला नव्हता.

मी हातमोज्याशिवाय, उघड्या बोटांनी तो फोन उचलला.

"साहेब," मी मागे न बघता म्हणालो, "त्या रकान्यात दाट लिहा."

आणि मग फोन तोंडाजवळ नेऊन म्हणालो, "मी आहे गं, ताई. दारामागं मीच होतो. दर वेळी मीच असायचो."